नुक्ता गेला तर इतिहास गेला



जुन्या वास्तू सांभाळणे हे सरकारचे काम, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु हे कार्य एकट्या सरकारने कधीच केलेले नाही. जाणकारांच्या मंडळांचा त्यात मोठा वाटा आहे.

पुण्यात १९१० साली इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. मोडी कागदांबरोबर फारसी कागदही तेथे जपले गेले. मंडळाचे ग. ह. खरे यांनी 'ऐतिहासिक फारसी साहित्य' संपादित केले. मराठ्यांचा इतिहास फारसीवाचून पुरा होत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

मराठवाडा त्या काळी निजामाच्या राज्यात होता. तेथे १९१४ साली पुरातत्त्व खाते निघाले व गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले. १९१६ साली हैदराबाद आर्किऑलॉजिकल सोसायटी स्थापन होऊन तिचे नियतकालिकही निघू लागले. यझदानी अरबी-फारसी शिलालेखांचे गाढे अभ्यासक. पण अजिंठ्याच्या बौद्ध चित्रांवरील त्यांचा चार भागांचा ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध झाला. वारसा कोणाचा, हा प्रश्न त्यांना अडवू शकला नाही.

आता आपल्या गावाकडे वळू. जुन्या मशिदीच्या किंवा दर्ग्याच्या दारावर शिलालेख असतो. त्यात बांधणाऱ्याचे नाव असते, आणि कित्येकदा हिजरी सन अबजद पद्धतीने दिलेला असतो, म्हणजे अक्षरांच्या मूल्यांची बेरीज केली की सन मिळतो. आपण लिहितो तो ७८६ हा आकडा याच हिशेबाचा. या हिशेबात जीमचे मूल्य ३, हे चे ८ आणि खे चे ६००. अक्षराचा आकार एकच, फरक केवळ नुक्त्याचा! श्रद्धेपोटी आपण शिलालेखावर ऑइलपेंट फासतो, नुक्ता बुजतो आणि सनच हरवतो.

घरातील सनदा व हस्तलिखितांचेही तेच. १९७२ च्या कायद्याने ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाचे ७५ वर्षांपूर्वीचे हस्तलिखित पुरावस्तू ठरते. आपण मात्र ते रद्दीत घालतो.

म्हणून विनंती अशी की, शिलालेख रंगवू नका. त्याचे छायाचित्र घ्या, जाणकारांना दाखवा. प्रत्येक शाळेत इतिहास मंडळ असावे. मुलांनी उर्दूबरोबर थोडी फारसी आणि मोडीही शिकावी. संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे हे राज्यघटनेने सांगितलेले आपले कर्तव्य आहे. आपले शिलालेख आपणच वाचले नाहीत, तर आपला इतिहास दुसरे सांगतील तसा ऐकावा लागेल.