तुमसरचा काळा दगड आणि फोनच्या बॅटरीतला काळा थर

आज गप्पा नागपूरच्या, आणि विषय आत्ता तुमच्या हातातच आहे.

आधी एक काम करा. आईबाबांना विचारा, लहानपणी टॉर्चचा संपलेला सेल फोडला की आत काय निघायचं? मधे कार्बनची कांडी आणि भोवती हात माखवणारी काळी भुकटी. ती भुकटी म्हणजे मँगनीज डायऑक्साइड. त्यात कार्बनही घातलेला असतो, कारण एकट्या मँगनीज डायऑक्साइडमधून वीज धड वाहत नाही. लेक्लांशे नावाच्या फ्रेंच माणसाने १८६६ मध्ये हे जमवलं.

आता राजेहो, हे मँगनीज आपल्याकडचंच. १८९६ मध्ये इंग्रजांच्या सिंडिकेटने मध्य प्रांतात ते शोधायला सुरुवात केली. पुढे १९६२ मध्ये त्यातून ‘मॉइल’ झाली, मुख्यालय नागपूर. बहुतेक दगड पोलादासाठी जायचा. पण भंडारा जिल्ह्यात, तुमसरजवळच्या डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीत बॅटरीला चालणारा डायऑक्साइड निघतो.

तिथेच मॉइलने ईएमडीचा, म्हणजे विजेने बनवलेल्या मँगनीज डायऑक्साइडचा कारखाना टाकला. या प्रक्रियेची गंमत बघा. आधी दगड भाजून त्यातला ऑक्सिजन कमी करायचा, मग तो सल्फ्युरिक ॲसिडमध्ये विरघळवायचा, लोखंडासारखी घाण काढायची, आणि गरम द्रावणातून वीज सोडून पुन्हा मँगनीज डायऑक्साइडच मिळवायचा! म्हणजे होतं तेच मोडून परत बनवलं. पण आता ते शुद्ध असतं आणि दर वेळी सारखंच निघतं. माझ्या मते इलेक्ट्रोड सुधारण्याची खरी गोष्ट इथेच सुरू होते.

लिथियमचा सेल यापेक्षा नखरेल. १९८३ मध्ये थॅकरे आणि गुडइनफ यांनी दाखवलं की मँगनीजच्या एका ऑक्साइडमध्ये लिथियम आत-बाहेर करू शकतं. १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणलेला सेल मात्र कोबाल्टचा होता. सोनीकडे कॅसेटच्या टेपवर पातळ लेप चढवण्याचा हातखंडा होता, तो इथे कामी आला. ऑक्साइड, कार्बन आणि चिकटवणारं पॉलिमर एनएमपी नावाच्या द्रावकात घोटायचं, ॲल्युमिनियमच्या फॉइलवर पसरायचं, लांबलचक भट्टीत वाळवायचं, रोलरखाली दाबायचं. एनएमपी आरोग्याला घातक, म्हणून त्याची वाफ पकडावी लागते. भट्टीचं वीजबिल वेगळंच. म्हणूनच आता टेफ्लॉनचे बारीक धागे करून कोरडाच लेप चढवायची धडपड चालली आहे. टेस्लाने २०१९ मध्ये मॅक्सवेल कंपनी घेतली, त्यामागे हेही एक कारण होतं.

मग आपली भुकटी थेट फोनमध्ये का नाही? ईएमडी लिथियमच्या क्षारासोबत भाजलं की लिथियमचा कॅथोड बनतो, हे खरं. पण सोडियम नि धातूचे कण आणखी कमी लागतात. शिवाय सेल तापला की या कॅथोडमधलं मँगनीज हळूहळू विरघळायला लागतं. मे महिन्यात नागपुरात उन्हात उभी केलेली इलेक्ट्रिक स्कूटर डोळ्यांसमोर आणा! त्यामुळे अनेक कंपन्या मँगनीजला निकेल-कोबाल्टची जोड देतात.

डोंगरी बुजुर्गची भुकटी मुख्यतः जाते ती ड्राय सेलवाल्यांकडे. टीव्हीचा रिमोट, भिंतीवरचं घड्याळ, तिथे.