प्रकाशाचा चेंडू
लॉस अलामॉसला अणुबाँबच्या कामावर राहिलेले विल्यम हिगिनबॉथम यांना १९५८ साली ब्रुकहेवन प्रयोगशाळेत एक साधीच अडचण जाणवली. प्रदर्शनाला येणारे लोक कंटाळत! गणकयंत्राच्या माहितीपुस्तकात बंदुकीच्या गोळीचा नि उसळत्या चेंडूचा मार्ग काढण्याची रीत होती. त्यांनी चेंडू उचलला. दोनेक तासांत आराखडा झाला. रॉबर्ट ड्वोरॅक यांनी तो दोनतीन आठवडे खपून, चुका काढीत उभा केला. पाच इंची पडद्यावर टेनिस! लोकांनी रांगा लावल्या. पुढल्या वर्षी पडदा वाढला, चंद्राचे नि गुरूचे गुरुत्वाकर्षणही खेळात आले. पेटंट मात्र त्यांनी घेतले नाही. त्यांचा जीव गुंतला होता अण्वस्त्रांना आळा घालण्यात. १९५९च्या प्रदर्शनानंतर खेळ मोडून त्याचे सुटे भाग इतर कामांना लावले गेले.