कणकेचा गोळा आणि सपाट स्पीकर

सपाट स्पीकरमध्ये नेहमीचा शंकू नसतो. पातळ पडदा किंवा पत्राच थरथरून आवाज देतो. इंग्लंडच्या क्वाड कंपनीने १९५७ साली असा स्पीकर बाजारात आणला. अडचण एकच, पत्रा नको तेव्हाही घुमत राहतो. मग हौशी मंडळी त्यावर फोमचे, फेल्टचे तुकडे चिकटवतात. माझ्या नातवाचाही सध्या हाच उद्योग चालू आहे.

गंमत म्हणजे आमच्या मेढ्यात एकादशीच्या भजनाला बसलेला पखवाजी हेच करतो. डाव्या तोंडावर ओली कणीक थापतो. वजनाने स्वर खाली उतरतो, मऊपणाने चिरका कंप दबतो. भजन संपले की कणीक खरवडून काढायची! उजवीकडची शाई मात्र कायमची. नुसत्या कातड्याचे उपस्वर बेसूर असतात; शाईच्या भाराने ते मूळ स्वराच्या पटीत येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये मांडले.

रामन यांचे नाव इतिहासात राहिले, ते योग्यच. पण ज्यांनी पहिल्यांदा शाई घोटली, कणीक थापली, त्यांची नावे कुणीच लिहून ठेवली नाहीत. शिक्षक मित्रहो, ध्वनीचा धडा शिकवताना एकदा तरी वर्गात पखवाज आणा. असो.