लीड स्क्रू कुठे झिजतो? रावेरच्या एका लेथचा इतिहास

आजचा भाग जरा तेलकट आहे. किल्ले नाहीत, लढाया नाहीत. आज आपण एका स्क्रूवर लिहिलेला इतिहास वाचणार आहोत.

गोष्ट माझ्या मामाच्या वर्कशॉपमधली. रावेरला त्याचा एक छोटा लेथ आहे. जुनाच घेतलेला, कंपनीची पाटी केव्हाच गळून पडलेली. गेल्या उन्हाळ्यात त्याने त्रास द्यायला सुरुवात केली. चक नीट फिरायचं, पण टूल धरणारं कॅरेज सरकता सरकता अडायचं आणि मग एकदम उडी मारायचं. शाफ्टवर लाटा उमटायच्या. आटे काढले तर त्यावर नट बसेना. दारात पंपांचे शाफ्ट साचले होते. वैशाखात केळीचं पाणी चुकलं तर काय होतं, हे रावेरमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. भंगारवाला तर लेथच्या वजनाचा अंदाजही घेऊन गेला.

आता हे कॅरेज सरकतं कसं? लेथच्या पुढच्या अंगाला एक लांब आट्यांचा दांडा असतो, तो लीड स्क्रू. कॅरेजमध्ये दोन अर्धुकांचा नट असतो, हाफ नट. दांडी दाबली की दोन्ही अर्धुकं स्क्रूला मिठी मारतात आणि स्क्रू कॅरेजला ओढत नेतो.

ही जोडी साधी वाटते, पण तिने जग बदललं. लंडनमध्ये १८०० च्या आसपास हेन्री मॉडस्ले या कारागिराने लीड स्क्रू, सरकतं टूल आणि गिअर एका मजबूत लोखंडी लेथवर एकत्र आणले. त्याआधी बहुतेक स्क्रू हाताच्या अंदाजाने व्हायचे, एकाचा नट दुसऱ्याला बसायचा नाही. मॉडस्लेने अचूक स्क्रूसाठी अफाट मेहनत घेतली, कारण लीड स्क्रूमधली चूक त्या लेथवर कापलेल्या प्रत्येक स्क्रूत उतरते. आईबापांचं नाक मुलांना येतं ना, तसंच!

आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढे लोखंडी नांगर केले आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी केली. लेथ बनवणारी म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी १९४१ मध्ये हरिहरला सुरू झाली. १९५३ मध्ये बंगळुरूला सरकारी एचएमटी आली. कारखान्यांमधून निवृत्त झालेले लेथ मग तालुक्याच्या गावांत, मामासारख्यांच्या शेडमध्ये येऊन दुसरा जन्म घेऊ लागले.

तर, दोष शोधायचा कसा? मी म्हटलं, "मामा, नट बदलून टाक." मामा म्हणाला, "आधी मोज तर खरं, भाऊ!"

मेन स्विच बंद केला. हाफ नटमध्ये अडकलेला लोखंडाचा कीस साफ केला, कारण कीस अडकला तरी नट पूर्ण मिटत नाही. बेडवर डायल गेज लावला, नट मिटवला आणि कॅरेज हाताने पुढे-मागे ढकललं. चकाजवळ ते जवळपास एक मिलिमीटर हललं. मग स्क्रूच धरून ओढला, तर तोही थोडा सरकला. त्याच्या टोकाचा नट सैल होता. तो आवळून पुन्हा मोजलं. खेळ कमी झाला, पण उरलाच. आता तीच मोजणी टेलस्टॉकच्या बाजूला केली. तिथे खेळ चकाजवळच्या निम्म्याहूनही कमी!

इथेच उत्तर मिळालं. नट दोन्हीकडे तोच आहे. फक्त नट झिजला असता, तर खेळही दोन्हीकडे सारखाच आला असता. म्हणजे चकाजवळ स्क्रूसुद्धा झिजलाय.

"तुले दिसते का," मामा म्हणाला, "आपण सगळं काम इथंच केलं."

खरंच होतं. पंपाचे बुश, शाफ्टची टोकं, छोट्या पिना, सगळे जॉब चकापासून वीतभर अंतरातले. या लेथवर साध्या कापणीसाठी वेगळा फीड रॉड नाही, त्यामुळे बारीकसारीक कामालाही लीड स्क्रूच जुंपलेला. त्यात धूळ. नट मुद्दाम मऊ गनमेटलचा करतात, म्हणजे आधी तो झिजावा. पण धुळीचे कण त्या मऊ धातूत रुततात आणि तोच नट कडक स्क्रूला कानसासारखा घासतो.

इलाज आजीच्या घरातला होता. मध्ये विरलेली चादर ती मधोमध कापायची आणि चांगल्या कडा मध्ये घेऊन शिवायची. मामाने तसंच केलं. स्क्रूची टोकं दुसऱ्या मोठ्या लेथवर नव्याने करून घेतली आणि स्क्रू उलटा बसवला. कोरी बाजू चकाजवळ, झिजलेली टेलस्टॉककडे. जोडीला नवा हाफ नट. बेडची झीज राहिलीच, त्यामुळे लांब शाफ्टला अजून किंचित उतार येतो. पण आटे नीट निघतात आणि भंगारवाल्याला मामाने फक्त चहा पाजला.

या गावच्या किती पंपांना या लेथने पुन्हा चालतं केलं, याची वही कुणी ठेवली नाही. ती त्या वीतभर झिजलेल्या स्क्रूवर आहे. तुमच्या घरी एखादं जुनं यंत्र असेल, तर विकण्याआधी ते कुठे झिजलंय, एवढं नक्की बघा. भेटू पुढच्या भागात!