वेळापत्रकाची चिठ्ठी : बॅकबे ते बीडीडी चाळी

१/
‘शेड्यूल’ हा शब्द आज प्रत्येक कचेरीत रोज उच्चारला जातो. त्याचे मूळ लॅटिन ‘शेड्युला’ या शब्दात आहे. अर्थ, कागदाची लहान चिठ्ठी. मोठ्या दस्तऐवजाला तपशिलाची जी चिठ्ठी जोडत, ती म्हणजे शेड्यूल. वेळेचा अर्थ त्याला फार उशिरा, एकोणिसाव्या शतकात, आगगाडीच्या काळात चिकटला. म्हणजे वेळापत्रक दुसऱ्या कागदाला जोडण्याची सवय त्या शब्दाइतकीच जुनी आहे.

२/
मराठीने या एका शब्दाचे दोन शब्द केले. कायद्याला जोडलेली ती ‘अनुसूची’ आणि काम केव्हा होणार हे सांगणारे ते ‘वेळापत्रक’. मुंबईच्या गेल्या सव्वाशे वर्षांच्या नगररचनेत या दोन कागदांचे नशीब वेगवेगळे राहिले. काय घेतले जाणार, काय बांधले जाणार, याची यादी जपली गेली. केव्हा होणार, याचा कागद मात्र वारंवार बदलला आणि बदलताना जुना नजरेआड गेला.

३/
प्रारंभ १८९६ च्या प्लेगपासून. मांडवीत उद्भवलेल्या साथीने गिरगाव, कामाठीपुरा, नागपाडा येथील दाट वस्तीचा प्रश्न सरकारपुढे उभा केला. १८९८ च्या कायद्याने ‘सिटी ऑफ बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट, दादर-माटुंग्याच्या वसाहती ही त्याची कामे. घरे पाडण्याचा वेग नवी घरे बांधण्याच्या वेगाहून अधिक, हा आक्षेप ट्रस्टवर सुरुवातीपासून होता. दोन्ही कामे यादीत होती. त्यांच्या वेळेचा मेळ बसत नव्हता.

४/
पहिल्या महायुद्धानंतर गिरण्यांची भरभराट झाली आणि परळ, लालबाग, नायगावात मजुरांना खोली मिळेनाशी झाली. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ हे स्वतंत्र खाते काढले. बीडीडी ही त्याचीच आद्याक्षरे. खात्याकडे दोन मोठी कामे आली : गिरणगावात कामगारांच्या चाळी आणि दक्षिणेला बॅकबेच्या समुद्रात भर घालून नवी जमीन.

५/
चाळींचा संकल्प भव्य होता : ६२५ इमारती, ५०,००० खोल्या. पैशांसाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर १ रुपया कर बसला. प्रत्येक चाळ तळमजला अधिक तीन मजल्यांची, मजल्यावर २० खोल्या, एकूण ८०. खोली सुमारे १६० चौरस फुटांची, शौचालये सामाईक. एकच नकाशा पुनःपुन्हा वापरायचा असल्याने कामाची गती कागदावर सहज मोजता येत होती.

६/
प्रत्यक्षात २०७ चाळी झाल्या : वरळीत १२१, नायगावात ४२, डिलाइल रोडला ३२ आणि शिवडीत १२. डिलाइल रोडला पुढे कामगार नेते नारायण मल्हार जोशी यांचे नाव मिळाले. युद्धोत्तर तेजी ओसरली होती, वरळी तेव्हा गिरण्यांपासून व बाजारापासून लांब होती आणि भाडे मजुराला परवडत नव्हते. कितीतरी खोल्या अनेक वर्षे रिकाम्या राहिल्या. संकल्पाच्या तिसऱ्या हिश्श्यावर योजना थांबली.

७/
बॅकबेची कथा अधिक गाजली. गिरगाव चौपाटीपासून कुलाब्यापर्यंतच्या किनाऱ्यालगत १,१४५ एकर जमीन समुद्रातून काढायची होती. समुद्रात भिंत घालायची, बंदरातला गाळ ड्रेजरने उपसायचा आणि नळांतून भिंतीच्या आत सोडायचा, अशी पद्धत. गाळ ठरलेल्या वेगाने उपसला गेला तरच बाकीचे हिशेब जुळणार होते. वेग अपेक्षेइतका साधला नाही आणि टाकलेला गाळ भिंतीतून पुन्हा समुद्रात झिरपू लागला.

८/
त्या काळी योजनेचे वेळापत्रक कुठे असे? अभियंत्याच्या टिपणात, खर्चाच्या अंदाजपत्रकात, खात्याच्या वार्षिक अहवालात. एका कागदावरचा आकडा दुसऱ्यात उतरवताना त्याच्यामागचे गृहीतक मागेच राही. ‘ड्रेजर इतका चालला तर’ ही अट अभियंत्याला ठाऊक असे. सचिवालयाच्या तक्त्यात आणि पुढे कायदे मंडळाच्या बाकांवर नुसती तारीख पोचे. गिरण्यांच्या परिसरात राहणाऱ्यांपर्यंत तर तीही पोचत नसे.

९/
हे कागद शेजारी शेजारी ठेवून वाचणारा माणूस म्हणजे खुर्शेद फ्रामजी नरिमन. व्यवसायाने वकील, मुंबई कायदे मंडळाचे सदस्य. सरकारने आधी काय सांगितले आणि नंतर काय सांगितले, यांतील तफावत त्यांनी सभागृहात आणि वृत्तपत्रांत मांडली. योजनेला ‘लॉइड्स फॉली’, म्हणजे लॉइडचा खुळेपणा, असे नाव पडले. खात्यातील अधिकारी हार्वे यांनी त्यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद केली. १९२८ मध्ये नरिमन निर्दोष सुटले.

१०/
दरम्यान १९२६ मध्ये सर ग्रिमवुड मिअर्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तिचे एक सदस्य होते. अखेर आठांपैकी चारच भाग पुरे करायचे ठरले : १, २, ७ आणि ८. हाती आली सुमारे ४४० एकर जमीन. मरीन ड्राइव्हचा परिसर तिच्यातलाच. पुढे स्वतंत्र भारतात त्याच किनाऱ्यावर भर घालून झालेल्या भागाला ‘नरिमन पॉइंट’ नाव मिळाले.

११/
वेळ डोळ्यांना दिसेल अशी मांडण्याची कला याच काळात घडत होती. मुंबईत प्लेग आला त्याच १८९६ साली पोलिश अभियंता कारोल अदामिएत्स्की याने ‘हार्मोनोग्राम’ नावाचा तक्ता योजला. कोणते काम कोणत्या कामावर अवलंबून आहे, ते त्यात दिसे. १९१० च्या दशकात अमेरिकेच्या हेन्री गँट याचा आडव्या पट्ट्यांचा तक्ता पसरला. डावीकडे कामांची नावे, वर तारखा, मध्ये प्रत्येक कामाची पट्टी. आज जगभर तो ‘गँट चार्ट’ म्हणून ओळखला जातो.

१२/
नुसत्या पट्ट्यांची एक उणीव होती : एक काम लांबले तर पुढची किती लांबतील, हे त्या सांगत नसत. १९५७ च्या सुमारास ड्युपाँ कंपनीत ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत आणि १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी ‘पर्ट’ पद्धत विकसित झाली. कामांची साखळी मांडली की तिच्यातली कोणती कडी सैल पडल्यास सारा प्रकल्प घसरेल, ते गणिताने कळू लागले. बॅकबेत ती कडी गाळ उपसण्याची होती.

१३/
मग हे गणित संगणकावर आले. १९८३ मध्ये ‘प्रायमाव्हेरा’, १९८४ मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट’, १९८७ मध्ये ‘पॉवरपॉइंट’. १९९० च्या सुमारास एका प्रणालीतला तक्ता दुसऱ्या प्रणालीच्या दस्तऐवजात बसवण्याची किंवा जोडून ठेवण्याची सोय झाली. अहवालात, सादरीकरणात, ई-मेलमध्ये वेळापत्रक सहज दिसू लागले. लॅटिन चिठ्ठी पुन्हा मोठ्या कागदाला जोडली गेली.

१४/
जोडण्याचे प्रकार मात्र दोन, आणि त्यांत अंतर मोठे. तक्ता चित्र म्हणून चिकटवला तर कामांचे परस्परसंबंध गळून पडतात. मूळ फाइलीत तारीख तीन महिने पुढे गेली तरी चित्रातली पट्टी जागची हलत नाही. दुवा जोडून ठेवला तर तक्ता मुळाबरोबर बदलतो. पण सादरीकरण दुसऱ्याला पाठवताना मूळ फाइल सोबत गेली नाही, तर दुवा तुटतो आणि शेवटचे जुने चित्र तेवढे उरते. अटीवाचून तारीख पुढे पोचण्याची १९२० च्या दशकातली खोड अशी टिकून राहिली.

१५/
आता पुन्हा त्याच चाळींकडे. २२ एप्रिल २०१७ रोजी वरळीच्या जांबोरी मैदानात वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन झाले. जबाबदारी म्हाडाकडे. शिवडीच्या चाळी पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर असल्याने वगळल्या गेल्या, उरल्या १९५. प्रत्येक पात्र कुटुंबाला १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर, असा संकल्प.

१६/
वरळीतील बांधकामाचा शुभारंभ १ ऑगस्ट २०२१ ला झाला. तिथल्या पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या १४ ऑगस्ट २०२५ ला दिल्या गेल्या. भूमिपूजन ते पहिली किल्ली, सव्वाआठ वर्षांहून अधिक काळ. मधल्या काळात पात्रतेची छाननी, संक्रमण सदनिका, करोना अशा अनेक कड्या होत्या. एवढ्या मोठ्या कामात तारखा सरकणे नवल नव्हे. पण ज्याने सामान बांधून संक्रमण शिबिराची वाट धरली, त्याच्या मुलांची शाळा, म्हाताऱ्यांचे औषधपाणी, घरातले लग्न, सारे त्या तारखांवर टांगलेले असते.

१७/
भूमिपूजनानंतर नऊच दिवसांनी, १ मे २०१७ पासून, स्थावर संपदा कायदा पूर्णपणे लागू झाला आणि महारेराचे काम सुरू झाले. विकासकाने पूर्ततेची तारीख घोषित करायची, दर तीन महिन्यांनी प्रगती संकेतस्थळावर टाकायची. वेळापत्रक कोणालाही पाहता येईल असा सार्वजनिक दस्तऐवज झाले. पण या कायद्याची घडण घर विकत घेणाऱ्या ग्राहकाभोवती आहे. चाळीतला भाडेकरू घर विकत घेत नाही. राहते घर सोडून तो नव्या घराची वाट पाहतो. त्याच्या हाती बहुधा सभेतले सादरीकरण आणि त्याचे मोबाइलवर फिरणारे छायाचित्र येते.

१८/
वेळापत्रकाच्या प्रणालींत ‘बेसलाइन’ नावाची एक सोय असते. पहिला आराखडा त्यात गोठवून ठेवता येतो. पुढे तारखा कितीही बदलल्या तरी प्रत्येक कामाच्या नव्या पट्टीखाली जुनी पट्टी दिसत राहते आणि उशीर कुठे, किती झाला ते न बोलता कळते. सादरीकरणात घेताना बहुतेकदा हीच जुनी पट्टी काढली जाते, कारण तिने चित्र गिचमिड दिसते.

१९/
नरिमन यांनी शंभर वर्षांपूर्वी हाताने केले ते हेच होते : जुना कागद नव्याशेजारी ठेवला. त्यासाठी तेव्हा कायदे मंडळाचे सदस्यत्व लागले आणि खटलाही सोसावा लागला. आज तेच काम एका पट्टीत मावते. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या चाळकऱ्यांना दाखवल्या जाणाऱ्या प्रत्येक तक्त्यात ती दुसरी पट्टी आणि ‘हे कोणत्या दिवशीचे वेळापत्रक’ ही एक ओळ असली, तरी चिठ्ठी योग्य हाती पोचली असे म्हणता येईल.