शाळेच्या पाटीवरचं नाव

निवडणूक लागली की शाळेची बाकं भिंतीला लागतात, फळ्यावर मतदान केंद्राचा क्रमांक चिकटतो आणि गुरुजी मतदान अधिकारी होतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना शाळाबाह्य कामं मना केली खरी, पण जनगणना आणि आपत्तिनिवारणासोबत निवडणुकीची सूट ठेवली. त्यात स्थानिक स्वराज्य संस्थांची निवडणूकही आलीच. पण मताचं आणि शाळेचं नातं याहून बरंच जुनं आहे.

मुंबई इलाख्यात १८६३ पासून शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून बसू लागला. त्यातला तिसरा हिस्सा शाळांचा. म्हणजे पैसा गावाचा, हुकूम साहेबाचा. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी पैसा कुणाचा आणि हुकूम कुणाचा, याच प्रश्नावर बोट ठेवलं: नगरपालिकांनी हद्दीतल्या प्राथमिक शाळांचा खर्च जरूर उचलावा, पण कारभार सगळाच्या सगळा त्यांच्या हाती देऊ नये, देखरेख शिक्षण खात्याची असावी. नगरपालिकांत कोण बसतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

१९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने नेमकं उलटं केलं. शाळा लोकल बोर्डांकडे आणि नगरपालिकांकडे गेल्या. मग बोर्डाच्या निवडणुकीचा निकाल म्हणजे मास्तरांच्या बदल्यांचा मोसम! १९३८ मध्ये खेर मंत्रिमंडळाने कायदा दुरुस्त करून बरीच सूत्रं पुन्हा सरकारकडे ओढली. फुल्यांची शंका छप्पन्न वर्षांनी अशी कायद्यात उतरली.

१९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि ठाणे जिल्ह्यातल्या गावांच्या शाळांवर नवी पाटी लागली. आजच्या मीरा-भाईंदरमधलं काशीगाव त्यांतलंच; तेव्हा ते भातखाचरांचं गाव, आसपास आदिवासी पाडे. १९८५ मध्ये ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपालिका झाली, २००२ मध्ये महानगरपालिका.

गाव शहर झालं आणि राज्यघटनेतला त्याचा रकाना बदलला. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत 'प्राथमिक व माध्यमिक शाळा' असा स्पष्ट उल्लेख आहे. नगरपालिकांच्या बाराव्या अनुसूचीत मात्र सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना चालना, एवढंच. शाळा बागेच्या आणि नाट्यगृहाच्या पंक्तीला बसली. महापालिका अधिनियमात प्राथमिक शाळा अनिवार्य कर्तव्य आहे म्हणून निभावतं. २०१३ मध्ये राज्याने पालिकांची शिक्षण मंडळंही गुंडाळायचं ठरवलं. ती मंडळं काही साधुसंतांची नव्हती, पण शाळेबद्दल जाब विचारायला एक दार तरी होतं.

ऑगस्ट २०२२ मध्ये मीरा-भाईंदरच्या नगरसेवकांची मुदत संपली. त्यानंतर साडेतीन वर्षांच्या आसपास प्रशासकच. त्या काळात पहिलीत बसलेलं पोर चौथीत पोचलं. त्याच्या शाळेचा पैसा मंजूर करताना सभागृहात निवडून आलेलं कुणीच नव्हतं.

मतदान १५ जानेवारी २०२६ ला झालं. ९५ पैकी ७८ जागा भाजपला, १३ काँग्रेसला. एवढं बहुमत असल्यावर शाळेच्या दुरुस्तीचा ठराव अडायला नको. अडचण निराळीच आहे. प्रभाग २४, एक सोडला तर प्रत्येकात चार नगरसेवक. नळाला पाणी नाही म्हणून चौघांचेही फोन वाजतात. शाळेचं गळकं छत चौघांपैकी नक्की कुणाचं, हे काशीगावाजवळच्या माशाच्या पाड्यावरच्या आईला कोण सांगणार?