कंकापुरा ते कारेली

दांडीयात्रेचे स्मरण करताना आपली दृष्टी बहुधा तिच्या दोन टोकांवर स्थिरावते. १२ मार्च १९३० ला साबरमतीहून झालेले प्रस्थान आणि ५ एप्रिलला गाठलेला दांडीचा किनारा, या दोहोंमधील सुमारे २४० मैलांची वाट मात्र केवळ अंतर म्हणून मोजली जाते. वस्तुतः ती वाट विचारपूर्वक निवडलेली होती, आणि त्या निवडीचे मर्म मही नदीच्या दोन तीरांवरील दोन लहान खेड्यांपाशी सर्वांत स्पष्ट दिसते. ती खेडी म्हणजे कंकापुरा आणि कारेली.

गुजरातचा नकाशा पुढे घ्यावा. आणंदहून भडोचला जाण्याची सरळ वाट लोहमार्गाच्या कडेने वासदला येते, तेथे मही ओलांडते आणि बडोद्यावरून दक्षिणेस जाते. यात्रेने ती घेतली नाही. आणंदहून ती बोरसद, रास, कंकापुरा अशी नैर्ऋत्येस वळली आणि मही ओलांडून कारेली, जंबुसर, आमोद या मार्गाने भडोचला पोहोचली. सरळ वाटेवर गायकवाडांची राजधानी होती. निवडलेली वाट मुख्यतः इंग्रजी अमलाखालील खेडा व भडोच जिल्ह्यांतून जात होती. मिठाचा कायदा इंग्रज सरकारचा. तेव्हा संस्थानाला त्या झगड्यात न ओढण्याची सोय या वाटेत आपोआप साधत होती. परंतु एवढ्याने उलगडा होत नाही. पुढे ३ एप्रिलला हीच यात्रा नवसारीत आली, आणि नवसारी तर बडोदे संस्थानचाच प्रांत होता.

खरे कारण माणसांत शोधावे लागते. बोरसद तालुक्याने १९२३-२४ मध्ये वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली जादा पोलिसांच्या खर्चाचा ‘हैडिया’ कर देण्याचे नाकारून तो रद्द करविला होता. ७ मार्च १९३० ला वल्लभभाईंना अटक झाली ती रास येथेच. बारा दिवसांनी गांधीजी त्याच गावी आले. जेथे लोकांची कसोटी पूर्वीच लागली होती, त्या गावांना जोडीत ही वाट गेली.

त्यासाठी मोल द्यावे लागले. खंबायतच्या आखाताजवळ महीचे पात्र विस्तीर्ण होते. भरती-ओहोटीचा जोर विलक्षण. ओहोटीला दूरवर चिखलच चिखल. पुलाची वाट सोडणाऱ्यास येथे पंचांगापेक्षा समुद्राची वेळ पाहावी लागते. १९ मार्चच्या रात्री यात्रा कंकापुऱ्याहून निघाली. चिखल तुडवीत नाव गाठायची, पाणी ओलांडायचे, पुन्हा चिखल तुडवायचा. साठी गाठलेल्या गांधीजींनीही तो तुडविला. दोन्ही तीरांवर ग्रामस्थ दिवे घेऊन उभे होते. २० तारखेचा मुक्काम कारेलीला पडला.

या वाटेची पूर्वतयारी ‘अरुण टुकडी’ने केली. ती गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची होती, आणि त्या विद्यापीठाची धुरा तेव्हा साताऱ्यास जन्मलेले काकासाहेब कालेलकर वाहत होते. यात्रेतील भजनांचे अग्रणी पं. नारायण मोरेश्वर खरे हेही आपलेच. टुकडीने पुढे जाऊन केवळ उतरण्याची सोय पाहावयाची नव्हती. गावची लोकसंख्या, अस्पृश्यांची संख्या, चरखे, गुरे, शेतसाऱ्याचा दर, दरडोई मिठाचा खप, ही माहितीही गोळा करावयाची होती. कचेरीत तक्ते भरणाऱ्या आपल्यासारख्यांस ही यादी परिचित वाटेल. फरक इतकाच की येथे माहिती वर पाठवावयाची नव्हती. ती त्याच गावापुढे, त्याच संध्याकाळी मांडावयाची होती.

आणि येथेच ही कथा आपल्या वर्गास येऊन भिडते. वाटेवरील गावांत गांधीजी मुखी व इतर ग्रामाधिकाऱ्यांस राजीनामे देण्याचे आवाहन करीत. खेडा जिल्ह्यात अनेकांनी ते दिले. मुखीपण हे बहुधा घराण्याचे भूषण असे. ते सोडणे म्हणजे वडिलांची पुण्याई उंबऱ्याबाहेर ठेवणे. ज्यांनी दिले नाहीत, त्यांच्याही घरी लेकरेबाळे होती. त्यांस भ्याड म्हणणे आज फार सोपे आहे. सरळ, पक्क्या वाटेने यात्रा गेली असती तर हा प्रश्न त्यांच्या ओसरीवर येताच ना. वाकडी वाट तो घेऊन आली.

पुढे करबंदीच्या लढ्यात रासच्या शेतकऱ्यांच्या जमिनी जप्त झाल्या. यात्रेला ७५ वर्षे झाली तेव्हा, २००५ साली, हा मार्ग राष्ट्रीय वारसा म्हणून जाहीर झाला. मार्गाचा सन्मान झाला हे योग्यच. पण त्या वाटेचे मोजमाप मैलांच्या दगडांनी पुरे होणार नाही. महीच्या काठी काळोखात दिवा धरून उभे राहिलेल्यांपैकी कोणाचे काय गेले, हेही त्या हिशेबात धरावे लागेल.